वेळापत्रकाने फोडलेली मंडळी



‘तरुण चर्चला येत नाहीत’ हे रडगाणं आता पुरे झालं. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या चर्चच्या फाटकावरचा फलक वाचावा. सकाळी मराठी उपासना, मग इंग्रजी, संध्याकाळी ‘यूथ सर्व्हिस’. तरुण येतात, फक्त आजी घरी पोचल्यावर येतात. ही वाटणी त्यांनी केलेली नाही. केस पिकलेल्यांनी भरलेल्या कमिट्यांनी रीतसर ठराव करून ती केली. कारण काय, तर गिटारवरून वाद नकोत. एका घरातली तीन माणसं एकाच वेदीपुढे तीन वेगवेगळ्या वेळी येतात आणि त्याला ‘सोय’ म्हणतात!

तरुणांचीही गय करण्याचं कारण नाही. सकाळी भिंतीवरच्या लाकडी फळीवर गीतांचे आकडे लावलेले असतात. आकडा बघायचा, ‘उपासना संगीत’ उघडायचं आणि गायचं. संध्याकाळी पडद्यावर हिंदी गीत झळकतं, तेही रोमन लिपीत. सत्तरीच्या बाईने तिथे करायचं काय? चुकून थांबलीच, तर हातातलं पुस्तक चाळत बसते. त्या पुस्तकात कवी ना. वा. टिळकांची पदं आहेत, पण जोडाक्षर आलं की तिच्या नातवाला धाप लागते. त्याला मराठी शाळेतून काढणारे आईबाप आजच्या सभेत पहिल्या रांगेत बसलेले असतील, म्हणून हे जरा मोठ्याने सांगितलं.

टिळकांचं नाव आपण व्यासपीठावर लावतो. त्यांचं घर कसं चाललं, ते कोण पाहतं? १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. पत्नी लक्ष्मीबाई पाठोपाठ गेल्या नाहीत. त्या भांडल्या, वेगळ्या राहिल्या, स्वतःच्या डोक्याने विचार करत राहिल्या आणि १९०० साली आपल्या पायांनी चर्चमध्ये आल्या. पाच वर्षं मतभेद सोसणारं ते घर होतं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट होतं. ते पुरं केलं लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवलेल्या या बाईने. मुलगा देवदत्त यांनी पंडिता रमाबाईंचं चरित्र लिहिलं. नातू अशोक यांनी आजीच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्यांनी लेखणी हातात धरली, एकमेकांचं लिखाण निस्तरलं, पुढे नेलं. हल्लीच्या मंडळीत आजोबांच्या वह्या रद्दीवाल्याकडे जातात.

याच टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. शंभर वर्षं उलटली, आणि आता एखाद्या मंडळीत बाहेरचा तरुण सलग चार रविवार दिसला की कुजबुज सुरू होते: कुणाचा हा? कुठल्या मिशनचा?

मिशन! तो भेद तर कधीच मिटायला हवा होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, ते एक सोडा. जे आत आले त्यांचं काय? नगर जिल्ह्यात अजूनही सोयरीक निघाली की ‘अमेरिकन मिशनचे की इंग्रजांच्या एसपीजी मिशनचे’ असं विचारणारे भेटतात. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो जातीचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकले, म्हणून आपण मोर्चे काढतो. काढलेच पाहिजेत. पण मोर्च्यात खांद्याला खांदा आणि मुलीच्या लग्नात पाठीला पाठ, हा दुटप्पीपणा तरुणांना दिसत नाही, असं वाटतं का कुणाला? त्यांचा विश्वास उडतो तो गिटार नाकारल्यामुळे नाही, या ढोंगामुळे.

पंथांमधली भिंत तर आणखी वेगळी. वसईचे कॅथलिक आणि नगरचे प्रॉटेस्टंट यांची ओळख तरी किती? वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्मावर बोट ठेवणारे बाहेरचे होते, त्यांचा निषेध आपण केला. दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घरी घेणारी प्रॉटेस्टंट कुटुंबं मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

तेव्हा मागणी साधी आहे. येत्या वार्षिक सभेत पास्टोरेट कमिटीवर निम्मी माणसं पंचविशीच्या आतली निवडून द्या, आणि त्यांना सतरंज्या घालायला न लावता हिशेबाची वही द्या. महिन्यातून एक रविवार फाटकावर एकच वेळ लिहा. पडद्यावर देवनागरी आणा, फळीवरच्या गीताला गिटारची साथ घ्या. ज्यांना हे अमान्य असेल, त्यांनी आत्ता इथे उभं राहून विरोध नोंदवावा. चहाच्या वेळी कोपऱ्यात नको.