आजीनं आणलेल्या फळ्या

आज आपण जरा लांबच्या सफरीला जाऊ. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचं बेट आहे. त्याचा पश्चिम किनारा उभ्या कड्यांचा, वाऱ्याचा आणि पावसाचा. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि जातो. तिथला मात्र वर्षभर रेंगाळतो. काही भागात वर्षातले सुमारे २२५ दिवस पाऊस. अशा गारठ्यात तिथली माणसं हौसेनं समुद्रात उतरतात. लांब फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मागं सारत आत जातात आणि लाट उठली की फळीवर उभं राहून किनाऱ्याकडे येतात. याला म्हणतात सर्फिंग. अंगात जाड रबरी पोशाख असतो. त्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून अंगाची ऊब टिकते.

हा खेळ तिथे रुजला, त्यात एका बाईचा मोठा हात आहे. डोनेगल भागातल्या रॉसनोला गावी मेरी ब्रिटन यांच्या घरचं हॉटेल होतं. १९६० च्या दशकात त्या अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेल्या, तिथे हा खेळ पाहिला आणि फळ्या घेऊन आल्या. हिशेब सरळ धंद्याचा होता, पाहुण्यांची करमणूक व्हावी. पण त्या फळ्या पळवल्या त्यांच्या मुलांनीच! आज जवळच्या बंडोरन गावात देशोदेशीचे लोक लाटांसाठी येतात. त्यांना राहायला खोली लागते, जेवण लागतं, भाड्यानं फळी लागते, शिकवणारं माणूस लागतं. त्यावर कितीतरी घरं चालतात.

बंडोरनहून किनाऱ्यानं पुढे गेलं की मुलाघमोर येतं. हिवाळ्यात दूर अटलांटिक महासागरात वादळ उठतं आणि त्याच्या लाटा इथल्या कातळावर येऊन फुटतात, कधी कधी चार मजली घराएवढ्या. त्याच्याही पुढे ईस्की हे गाव. मेरीबाईंच्या नातीचं नाव याच गावावरून ठेवलंय, ईस्की ब्रिटन. ती मुलाघमोरच्या लाटांवर गेली, शिकून डॉक्टरेटही मिळवली. २०१० साली ती इराणच्या चाबहार किनाऱ्यावर गेली आणि डोकं, हात, पाय झाकणाऱ्या कपड्यांत लाटेवर उभी राहिली. २०१३ मध्ये ती पुन्हा गेली, तेव्हा तिच्याबरोबर दोन इराणी बायका पाण्यात उतरल्या आणि किनाऱ्यावरच्या मुलीही शिकू लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, या बायकांना भीती वाटत नसेल का? वाटतेच. पण त्या आधी पाणी वाचायला शिकतात. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जायला वाट शोधतं आणि एखाद्या ठिकाणी जोरात आत ओढतं. वरून ती जागा शांत दिसते, लाटा कमी फुटतात. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करून हाका मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा, मग किनाऱ्याकडे वळा. बुडणाऱ्याला वाचवायला एकामागून एक उड्या टाकू नका; दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका.

ही ओढ आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही असते. आपल्या गटांच्या सहली तिथे जातात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना पाण्यात उतरूच नका. एरवीही आधी तिथल्या कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकांना विचारा.

आणखी एक गोष्ट. विहीर, नदी, तळं, पाण्याशी आपला संबंध रोजचा. तरी पोहायला शिकवायचं म्हटलं की आपण मुलाला नेतो, मुलीला काठावर बसवतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं विचारू या: आपल्यापैकी किती जणींना पोहता येतं? ज्यांना येतं, त्यांनी आपल्या मुलींना शिकवायला कधी सुरुवात करायची? पाणी ओसरलं की जागा ठरवू, सुरक्षित आणि उथळ. पोटाला बांधायला रिकामे डबे आपल्या घरात आहेतच.