चाकातली हवा जाते कुठे?



आज आपण मोटारीच्या चाकाविषयी बोलू. आपल्या परभणी जिल्ह्यात आता गावोगाव मोटारी आल्या. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, तर जिंतूर, गंगाखेड नाहीतर परभणी गाठायला गाडीच लागते. अशा वेळी चाक बसलेले दिसले, तर जीव घाबरा होतो.

खिळा घुसला, तर पंक्चर लगेच सापडते. पण कधी कधी खिळा नसतो, भोक नसते. तरी आठ दिवसांत हवा कमी होते. मग ती जाते कुठे?

हल्लीच्या बहुतेक मोटारींच्या टायरात ट्यूब नसते. टायरची कड रिंगेला घट्ट बसते, म्हणून हवा आत राहते. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला लिंपते. ओल धरते. लोखंडी रिंग गंजते, गंजाचे पापुद्रे सुटतात. केसाएवढी फट पडली, तरी हवा निसटते. खड्ड्यात आपटून रिंग वाकली, तरी तेच होते.

फट शोधायला साबणाचे पाणी पुरते. आधी चाकात हवा भरा. मग व्हॉल्व्हवर, टायरवर आणि रिंगेच्या दोन्ही कडांवर ते पाणी सोडा. जरा थांबा. बुडबुडे येतील तिथे गळती. व्हॉल्व्हच्या तोंडातून बुडबुडे आले, तर बहुधा आतली पिन बदलली की भागते.

रिंगेच्या कडेला बुडबुडे आले, तर पंक्चरवाल्याकडे जावे. तो हवा सोडून टायर उतरवील. तारेच्या ब्रशाने गंज काढून कड साफ करील. ती पुसून त्यावर रबरी लेप लावील. टायर बसवून हवा भरली, की पुन्हा साबणाचे पाणी टाकून बघा. बुडबुडा नाही, म्हणजे काम पक्के. रिंगेला तडा असेल, तर मात्र रिंगच बदलावी.

"थोडी हवा कमी, त्यात काय?" असे म्हणू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. अशा रस्त्यावर भरवेगात टायर फुटला, तर गाडी आवरत नाही.

किती हवा भरायची, ते बहुधा चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेले असते. आता आपल्याला वाचता येते. तो आकडा आपणच वाचू. दर आठवड्याला, चाक थंड असताना हवा मोजू आणि वहीत लिहू. एकाच चाकाचा आकडा सारखा उतरू लागला, की समजावे, गळती आहे!