मनावरचा ताण, चेहऱ्यावरची खूण

बारावीची परीक्षा तोंडावर आली, की नेमकी तेव्हाच मुलांच्या चेहऱ्यावरची मुरमं वाढतात. हा निव्वळ योगायोग नव्हे. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल पाझरू शकतात आणि छिद्रं बुजतात. इसब, सोरायसिसही अशा काळात उफाळून येतात. इसब असेल, तर रात्री अंथरुणावर पडल्यावर हात नकळत कोपराच्या आतल्या बाजूला जातो. खाजवलं की खाज वाढते, झोप मोडते, ताण आणखी चढतो. म्हणून मलमाइतकीच पुरेशी झोप, रोजचं चालणं आणि कुणाशी तरी मोकळं बोलणंही गरजेचं. मुरमं फोडू नका. मेडिकलमधून आपल्या मनाने स्टिरॉइडचं मलम आणू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि मनावरचा ताणही त्यांना जरूर सांगा.