शहर शिकायचे कुणाकडून?

(बिबवेवाडी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुख्य विषयाबरोबर एक ‘मायनर’, म्हणजे दुय्यम विषय घेता येतो. ‘शहरांचा अभ्यास’ हा तसा विषय व्हावा, असे मला वाटते. पाणी, घर, बस, मजुरी हे प्रश्न एकाच शास्त्रात मावत नाहीत. पाइप किती इंची हवा ते इंजिनिअर सांगेल. पण पहाटे नळावर कोण उभी राहते, तिची शाळा बुडते का, हे कोण विचारणार?

एक उदाहरण देते. २०११ च्या जनगणनेत, नगरपालिका नसलेल्या गावाला शहर म्हणायला तीन अटी होत्या. वस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. फक्त पुरुष! आपल्यातल्या कितीजणी रोज धुण्याभांड्याला जातात, मार्केट यार्डात धान्य निवडतात. ही व्याख्या मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली, कधी खटकली नाही. एका मुलीने विचारले, “मॅडम, यात माझी आई कुठे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अभ्यास बायकांच्या बाजूने उभा राहिला, तर काय होते हे पुण्याने पाहिले आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करू लागल्या. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायकांमुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब पुढे अभ्यासातून मांडला गेला. ज्यांना लोक हाकलत होते, त्या शहराचे काम करणाऱ्या कामगार आहेत, हे आकड्यांनिशी सांगता आले. २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

हे एका विषयाचे काम नव्हते. त्यात हिशेब होता, कायदा होता, संघटना होती. आणि कुठल्या गल्लीत काय मिळते हे बायकांचे ज्ञानही होते.

तेव्हा उद्या विद्यार्थी वही घेऊन दारात आले, तर त्यांना परत पाठवू नका. पण एक अट घाला : “लिहिलेले आम्हाला इथे येऊन वाचून दाखवा. चुकले असेल तर आम्ही सांगू.” त्यांना त्याचे मार्क मिळतील. आपल्याला महापालिकेत घेऊन जायला एक कागद मिळाला पाहिजे.