सिमेंटचा पत्रा फुटला, की माती कुणाची?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय मातीचा आहे. शेतातल्या नाही, बांधकामाच्या प्लॉटवरच्या. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बीटेक झालेला. डॉक्टर नाही, पर्यावरण इंजिनिअरही नाही. पण आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात, शिक्रापूर-सणसवाडीच्या पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे जुनं पाडून नवं उभं राहतंय. आणि पाडलेलं जातं कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा एपिसोड.

आधी पत्रा ओळखू. गोठा, पोल्ट्री, भाड्याच्या खोल्या, जुनी शाळा, सगळ्यांवर तो राखाडी नागमोडी पत्रा असतो. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. जुन्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी बहुतेक सिमेंट. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा तंतू. तो जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. म्हणूनच तो पत्र्यात घातला. आणि म्हणूनच तो मातीत गेला की जात नाही.

आता घाबरू नका. छतावर धड असलेला पत्रा लगेच काही करत नाही, कारण तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. धोका सुरू होतो तो फुटल्यावर. ग्राइंडर लावला, घणाने फोडला, जेसीबीचं चाक वरून गेलं, की तंतू मोकळे होतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि श्वासातून खोल फुप्फुसात जाऊन बसतात. खोकला लगेच येत नाही. आजार दिसायला दहा, वीस, कधी चाळीस वर्षं लागतात. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत ठेवलेत.

हे लांबचं वाटतंय? मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस मिलमधल्या कामगारांची तपासणी झाली, तो अभ्यास २००५ साली छापून आला. तपासलेल्यांत पाचातल्या एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. त्याआधी, १९९५ मध्ये, सुप्रीम कोर्टाने या कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायला सांगितलं. चाळीस वर्षं! आपण मोबाइलचं बिल चार महिने ठेवत नाही. कोर्टाने इतकी मोठी मुदत का घातली, त्याचं उत्तर आजाराच्या त्या उशिरात आहे.

पण कारखान्यातल्या कामगाराची निदान नोंद असते. मातीची कुठे असते?

मध्य प्रदेशात कटनीजवळ कैमोर नावाचं गाव आहे. तिथे १९३४ पासून ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना. त्याचा टाकाऊ माल वर्षानुवर्षं आसपासच्या जमिनीवर पडला, पुढे त्याच जमिनीवर घरं झाली, पोरं खेळली. पाहणी करणाऱ्यांचा अंदाज आहे की तिथे सुमारे १० लाख टन माती दूषित आहे. आणि श्रीमंत देशात हे होत नाही असं समजू नका. सिडनीमध्ये जानेवारी २०२४ ला एका नव्या पार्कच्या मुलांच्या खेळायच्या जागेत, झाडांखाली पसरलेल्या लाकडाच्या भुश्यात ॲस्बेस्टॉसचे तुकडे सापडले. शोधत गेले तर अशा ७० हून जास्त जागा निघाल्या. बागा, शाळा, हॉस्पिटलसुद्धा. आणि हे कुठे? जिथे २००३ च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे तिथे. आपल्याकडे खाणी बंद आहेत, पण आयात चालू आणि पत्रेही बनतात.

आता आमच्या घरचं सांगतो. जुना गोठा पाडून दोन खोल्या काढायच्या ठरल्या. ठेकेदार आबांना म्हणाला, "बाबा, पत्रं फोडून जोत्यातच टाकू. मुरूम कमी लागंल, ट्रॅक्टरचं भाडंही वाचंल." आबांना पटलं. मी म्हटलं, "काका, हे नको." ते हसले, "दादा, तीस वर्षं हेच करतोय, काय झालं?" भांडण नाही झालं, पण मला जाणवलं की बोलणं ऐकायचं कुणाचं, हा प्रश्न नव्हताच. प्रश्न तीस वर्षांचा होता. हा आजारच तीस वर्षं गप्प बसतो. "अजून काही झालं नाही" हे इथे उत्तर होऊच शकत नाही. आणि जोत्यात गाडलं तरी उद्या नळाची लाइन टाकायला, सेप्टिक टँकला कुणीतरी तिथेच खोदणार. तो मजूर अजून शाळेत असेल.

शेवटी आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगतो. पत्रे फोडले नाहीत. आधी पाण्याने भिजवले, नटबोल्ट सोडवून अख्खे खाली उतरवले. ग्राइंडर नाही, वरून फेकणं नाही. जे आधीच फुटलेले होते ते ओले करून हाताने वेचले, जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं. कोरडा झाडू मारला नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नसतो, बारीक कणांचा घट्ट बसणारा मास्क लागतो. आणि ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

समजा तुमच्या प्लॉटवर खोदताना असे तुकडे निघाले. मग काम तिथल्या तिथे थांबवा. तेवढी जागा दोरीने वेगळी करा, माती ओली ठेवा, ताडपत्री टाका. ती माती चाळू नका, क्रशरला देऊ नका, दुसऱ्याच्या भरावाला तर अजिबात विकू नका. नुसतं बघून खात्री होत नाही, कारण नवे काही पत्रे ॲस्बेस्टॉसशिवायचेही असतात. नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. माती हलवता येत नसेल, तर वर खूण म्हणून रंगीत जाळी आणि त्यावर स्वच्छ मातीचा जाड थर, असं जागच्या जागी झाकतात. पण मग ते नकाशावर आणि खरेदीच्या कागदात लिहिलंच पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही कोडवर शेरा लिहितो, पुढच्याने उगाच हात घालू नये म्हणून. तसंच.

आता टाकायचं कुठे? गंमत म्हणजे घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारं केंद्र आपल्याच शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत आहे. तिथलं काम मुख्यतः कारखान्यांच्या कचऱ्यासाठी चालतं, त्यामुळे एकट्या घराचे वीस पत्रे घेऊन जाणं सोपं नाही. म्हणून मला वाटतं, ही एकट्याने करायची गोष्टच नाही. ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा गावाचे जुने पत्रे एका जागी, झाकून गोळा करावेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून एकत्र पाठवावेत. ग्रामसभेत हा विषय मांडायला खर्च येत नाही. आमचे पत्रे अजून अंगणाच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेत, त्यामुळे पुढच्या सभेत मी अर्ज घेऊन जाणारच आहे.

तुमच्या गावात पाडापाडी चालू असेल तर एवढंच करा. ट्रॅक्टर निघण्याआधी विचारा, "भाऊ, हा राडारोडा कुठे चाललाय?" उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, आणि धुळीपासून लांब राहा!