पगार एकाचा, सेवा दोघांची

मला विषय दिलाय ‘शिबिराच्या आवारातलं आमचं पहिलं वर्ष’. डोंगर, शांतता, पहाटेची प्रार्थना यावर मी बोलेन असं वाटलं असेल. ते सगळं आहे तिथं. पण मला बोलायचंय पगाराबद्दल.

आम्ही सावेडीचे. पाइपलाइन रोडला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. गेल्या जूनमध्ये ह्यांना एका ख्रिस्ती शिबिरस्थळावर व्यवस्थापक म्हणून बोलावलं. नगरपासून तासाभराचं अंतर. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका जागेचा नाही. राहायला घर, वीज-पाणी फुकट, ह्यांना पगार. नेमणुकीच्या पत्रात माझ्याबद्दल दोनच शब्द होते : ‘सहकुटुंब राहावे.’

आता सहकुटुंब म्हणजे काय ते ऐका. शिबिर असलं की सव्वाशे माणूस. माणशी शंभर ग्रॅम धरला तर एका वेळचा तांदूळ साडेबारा किलो. तरुण पोरं असली की पंधरा लागतो, बायकांचं शिबिर दहात भागतं. गावातल्या दोघी स्वयंपाकाला येतात. पण साडेपाचला चहाचं आधण, सामान काढून देणं, भाजीचा हिशेब, साखरेचा त्रास असलेल्यांचा चहा वेगळा, हे माझ्याकडे. शिबिर संपलं की सव्वाशे चादरी. मे महिन्यात दहा हजार लिटरचा टँकर, आंघोळीला बादली मोजून दिली तरी दोन दिवस पुरेना. रात्री अकराला एखादी पोरगी घरच्या आठवणीनं रडते, तिच्याजवळ बसायचं तेही मीच. खरं सांगू? सगळ्यात हेच काम मला आवडतं.

आणि आमच्या घराला दार आहे, पण ते वाजवायचं असतं हे कुणाच्या ध्यानात नसतं. माझी मुलगी नववीचा अभ्यास करत असते आणि कुणीतरी आत येऊन विचारतं, “ताई, झाडू कुठंय?”

ह्या वर्षी मला लक्ष्मीबाई टिळक वेगळ्या दिसल्या. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन आपल्या नगरला, मिशनच्या माणसांत राहायला आल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. स्वयंपाक वेगळा ठेवला. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. ही गोष्ट आपण नेहमी विश्वासाची म्हणून सांगतो, मला त्यात आता चूल दिसते. पुढं १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा. मोठीच गोष्ट. पण पगार एकजण सोडतो आणि डबे उघडून दुसरीला बघावं लागतं. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली म्हणून निदान एका संसाराचा हिशेब आपल्याकडे आहे. पाळकांच्या, बोर्डिंगच्या वॉर्डनांच्या किती बायकांनी असं लिहून ठेवलंय?

दिवाळीच्या शिबिरानंतर मी एक वही घातली. रोजचे तास, कामाचं नाव. जानेवारीत ती कमिटीपुढं ठेवली. एकजण म्हणाले, “ताई, ही प्रभूची सेवा आहे. सेवेचे पैसे मागतात का?” मी म्हणाले, “मग ह्यांची सेवा नाही का?” कुणी काही बोललं नाही.

घरी ह्यांना धास्ती, की नोकरीच जायची. आठ दिवस आम्ही दोघं कामापुरतं बोलत होतो. मग एका रात्री ह्यांनी स्वतःच वही वाचायला मागितली. वाचून झाल्यावर म्हणाले, “फेब्रुवारीच्या मीटिंगला मी मांडतो.” आणि मांडलं. एका निवृत्त शिक्षक वडिलांनी बाजू घेतली, तेव्हा कुठं एप्रिलमध्ये ठरलं : ह्यांच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाएवढं मानधन, माझ्या नावानं, माझ्या खात्यात. आणि सोमवारी सुट्टी. चौथा हिस्सा कमीच आहे, हे मी त्यांना सांगितलंय.

कुणाला अशी नेमणूक आली असेल तर ‘सहकुटुंब’मध्ये काय काय येतं ते आधी लिहून मागा. तास मागा, सुट्टी मागा, आणि घरात विचारल्याशिवाय कुणी येणार नाही हेही मागा.

मानधन तीन महिने वेळेवर आलंय. सुट्टीचं अजून जमत नाही, कारण गॅसवाला सोमवारीच येतो. त्याच्याशी बोलायचंय.