बोटांना पाठ असलेली वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पंधरा-वीस वर्षांपूर्वी कचेरीत संगणकावर काम केलेल्या कुणालाही आज विचारून पाहा, वर्डच्या वरच्या पट्टीवर काय काय लिहिलेलं असायचं? बहुतेक जण न अडखळता सांगतील: फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, टेबल, विंडो, हेल्प. लहानपणच्या पाढ्यांसारखं पाठ. एक्सेलमध्ये 'टेबल'च्या जागी 'डेटा', बाकी सगळं तेच.

३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्टचं 'ऑफिस २००७' सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आलं आणि ही पट्टी गेली. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट उघडलं की तिच्या जागी बटणांचा, चित्रांचा एक रुंद पट्टा दिसू लागला. त्याचं नाव 'रिबन'. या रिबनवरून जगभरच्या कचेऱ्यांमध्ये जी ओरड झाली, तिच्याविषयी मला आज बोलायचं आहे. कारण त्या वेळी ती ओरड एका वाक्यात निकालात काढली गेली. माणसाला बदल नकोच असतो, चार दिवस कुरकुर करतील आणि गप्प बसतील, असं ते वाक्य. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आधी कंपनीची बाजू सांगते, कारण ती लंगडी नव्हती. विंडोजसाठीचं पहिलं वर्ड १९८९ साली आलं, तेव्हा त्यात दोन टूलबार होते. वर्ड २००३ पर्यंत ते एकतीस झाले, शिवाय पडद्याच्या कडेला उघडणारे एकोणीस चौकोन. प्रत्येक आवृत्तीत नव्या सोयी घालायच्या आणि त्यांना जागा म्हणून मेन्यूच्या पोटात मेन्यू, त्याच्या पोटात आणखी एक चौकट. वाड्याला खोल्या काढत जावं आणि शेवटी घरच्या माणसालाच संडासाची वाट सापडू नये, तसं झालं होतं. ऑफिस २००० मध्ये यावर एक उपाय करून पाहिला गेला. तुम्ही जे फारसं वापरत नाही ते मेन्यूतून आपोआप लपायचं. परिणाम उलटा झाला. काल दिसलेली ओळ आज दिसेना, म्हणून लोक आणखी गोंधळले. ऑफिस ९७ मध्ये आलेला तो डोळे मिचकावणारा टाचणीबाबा, क्लिपी, आठवतोय? तोही मदतीलाच आला होता. लोकांना तो इतका नकोसा झाला की २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये तो आपण होऊन येईनासा झाला आणि २००७ मध्ये कायमचा गेला. त्याच्यासाठी मात्र कुणी रडलं नाही.

रिबनच्या आखणीत पुढाकार असलेले जेन्सन हॅरिस यांनी २००८ साली लास व्हेगासच्या एका परिषदेत ही सारी हकिगत सांगितली आहे. वापरणाऱ्यांच्या संमतीने कंपनी कोणती आज्ञा किती वेळा दिली जाते, याची मोजदाद करत होती. वर्ड २००३ मध्ये सर्वांत जास्त वापर कशाचा? पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. या पाचांतच जवळपास ३२ टक्के वापर संपत होता, एकट्या पेस्टचा वाटा ११ टक्क्यांहून अधिक. म्हणजे शेकडो आज्ञा असलेल्या यंत्रावर आपण मुख्यत्वे काय करतो, तर जुन्या पत्रातला मजकूर उचलून नव्यात चिकटवतो. सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही! दुसरीकडे ग्राहक ज्या नव्या सोयी मागत, त्यांतल्या कितीतरी आधीपासूनच आत होत्या, फक्त सापडत नव्हत्या. तेव्हा सगळं पडद्यावर उघडं मांडावं, कामाप्रमाणे गट पाडावेत, हा विचार निघाला. विचार चांगलाच होता.

मग चिडलं कोण? त्या काळात मी कचेऱ्यांतल्या कर्मचाऱ्यांचे संगणकवर्ग घेत असे. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला होता आणि तो करून आलेली मंडळी माझ्यासमोर असायची. वर्गातल्या ज्या मुलांनी आयुष्यात वर्ड पाहिलंच नव्हतं, त्यांना रिबन चटकन जमलं. पान आडवं करायचंय? 'पेज लेआउट'वर जा. बरोबर आहे, नावातच आहे. जे चुकतमाकत काम करत होते, त्यांचंही फार अडलं नाही. ते पूर्वीही शोधत होते, आताही शोधत होते. अडलं त्यांचं, ज्यांना येत होतं. जितकं जास्त येत होतं तितकं जास्त अडलं.

हे नीट समजून घ्यायला हवं. ज्याचा हात बसलेला असतो तो मेन्यू वाचत नाही. आल्ट दाबलं, मग ओ, मग पी, की परिच्छेदाची चौकट उघडते. हे त्याच्या डोक्यात नसतं, बोटांत असतं. मोजदाद कशाची झाली, तर कोणती आज्ञा किती वेळा दिली याची. ती आज्ञा देणारा हात तिथे आंधळेपणाने कसा पोचतो आणि ते शिकायला त्याची किती वर्षं गेली, हे आकड्यांत येत नाही.

आपल्याकडे याचं एक जुनं उदाहरण आहे. मराठी टंकलेखन यंत्रं जाऊन संगणक आले, तेव्हा मराठी लिहिण्याच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये टंकलेखन यंत्राचीच कळमांडणी निवडायची सोय ठेवलेली होती. इन्स्क्रिप्ट ही जास्त तर्कशुद्ध मांडणी उपलब्ध होती. पण तीस-चाळीस शब्दांचा वेग कमावलेल्या टंकलेखकांनी ओळखीची मांडणी धरून ठेवली. यंत्र बदललं, पडदा आला, कार्बन पेपर गेला, आणि तरीही या लोकांनी संगणकाला नाही म्हटलं नाही. कारण त्यांचा हात शाबूत राहिला. बदल नकोच असतो म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. इंग्रजी संगणकाची कळमांडणीही दीडशे वर्षांपूर्वीच्या टाइपरायटरचीच आहे, ती उगीच नव्हे.

ऑफिस २००७ मध्ये अशी निवड नव्हती. जुने मेन्यू परत आणणारं एकही बटण कंपनीने ठेवलं नाही. दोन्ही पद्धती ठेवल्या तर नवीन कुणी शिकणारच नाही, हा त्यामागचा हिशेब समजू शकतो. पण मग इतर विक्रेत्यांनी जुने मेन्यू परत आणून देणारी छोटी सॉफ्टवेअर काढली आणि लोकांनी पैसे मोजून ती घेतली. आधी होतं तेच परत मिळवायला पैसे! काहींनी ओपनऑफिसची वाट धरली. ते फुकट होतंच, शिवाय तिथे फाइल, एडिट, व्ह्यू जागच्या जागी होतं.

बारीकसारीक त्रास किती होते म्हणून सांगू. डावीकडे वर एक गोल चकचकीत चिन्ह होतं. सगळ्यांना वाटे ते कंपनीचं बोधचिन्ह आहे. प्रत्यक्षात ते बटण होतं आणि प्रिंट, सेव्ह अ‍ॅज सगळं त्याच्या आत. वर्गात पहिला प्रश्न ठरलेला: छापायचं कुठून? पंधरा इंची पडद्यांवर रिबनने इतकी जागा घेतली की पत्राच्या मोजक्या ओळी दिसत. मग अक्षरं. वर्ड उघडलं की आपसूक येणारा टाइम्स न्यू रोमन जाऊन कॅलिब्री आला, ओळींमधलं अंतर वाढलं आणि प्रत्येक परिच्छेदाखाली मोकळी जागा सुटू लागली. एका पानात बसणारं इंग्रजी पत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी आणि सही घेऊन उतरायचं. (हा कॅलिब्री पुढे पाकिस्तानच्या राजकारणातही गाजला. २०१७ मध्ये पनामा प्रकरणाच्या चौकशीत २००६ सालची तारीख असलेले कागद या अक्षरात निघाले आणि तेव्हा तो बाजारातच आला नव्हता, असा आक्षेप तपास पथकाने घेतला.)

फाइलींचा प्रकारही बदलला. 'डॉक'चं 'डॉक्स' झालं. नव्या ऑफिसातून गेलेलं पत्र जुनं ऑफिस असलेल्या कचेरीत उघडेना. ते उघडण्यासाठी कंपनीने एक जोडसॉफ्टवेअर मोफत दिलं होतं, पण ते बसवायचे अधिकार कारकुनाला कुठे असतात? म्हणून ई-मेलमध्ये एक कायमची ओळ सुरू झाली: कृपया ९७-२००३ मध्ये सेव्ह करून पाठवावे.

न्यायाने हेही सांगायला हवं की एक्सेलमध्ये लेखा विभागाला मोठंच घबाड मिळालं होतं. एका पानात ६५,५३६ ओळी मावत, त्या १०,४८,५७६ झाल्या. रकाने २५६ चे १६,३८४ झाले. वर्षभराच्या नोंदी तुकडे करून ठेवणाऱ्यांना हे वरदान होतं. पण ते लक्षात यायला वेळ लागला, कारण आधी 'सॉर्ट' कुठे गेलं ते शोधायचं होतं.

माझ्या वर्गाला एक वरिष्ठ लिपिक येत. नाव सांगत नाही, त्यांची कचेरीही सांगत नाही. टंकलेखिका म्हणून लागलेल्या, निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली. त्यांच्या शाखेत कुणाचं काही अडलं की "बाईंना विचार" हे ठरलेलं. लांबलचक तक्ते, पानाच्या तळाला क्रमांक, शंभर जणांना एकाच मसुद्याची पत्रं, सगळं बाई बघता बघता करत. त्यांच्या कचेरीत शनिवार-रविवारच्या सुट्टीत सगळ्या संगणकांवर नवं ऑफिस बसवलं गेलं. आगाऊ सूचना नाही, प्रशिक्षण म्हणून तासाभराचं एक व्याख्यान. सोमवारी बाई बसल्या आणि हात थांबले. शेजारचा रोजंदारीवरचा मुलगा म्हणाला, "बाई, हे इथे आहे बघा." तो चांगल्या मनानेच म्हणाला होता. पण त्या दिवसापासून विचारणारे त्याच्याकडे जाऊ लागले.

बाई मला म्हणाल्या, "मॅडम, मला काम येत नाही असं नाही हो. मला सापडत नाही." आणि मार्चअखेर त्यांच्या गोपनीय अहवालात शेरा आला की संगणकावरील कामाचा वेग मंदावला आहे. पंचवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. नवं ऑफिस बसवणाऱ्यांच्या अहवालात त्या वर्षी काय लिहिलं गेलं, ते कळायला मार्ग नाही.

बाईंनी पुढे एक शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर जुनी वाट, उजव्या पानावर नवी. 'टूल्स, मग वर्ड काउंट' असेल तर समोर 'रिव्ह्यू'. शाखेत त्या वहीच्या झेरॉक्स निघाल्या. गंमत म्हणजे कंपनीनेही नेमकी अशीच सोय काढली होती. पडद्यावर जुना मेन्यू दिसे, त्यातली आज्ञा निवडली की ती नव्या रिबनमध्ये कुठे गेली ते दिसे. ती आमच्याकडे फार थोड्यांपर्यंत पोचली. वही मात्र सगळीकडे गेली.

ओरड वाया गेली नाही. ऑफिस २०१० मध्ये ते गोल चिन्ह गेलं आणि त्या जागी पुन्हा 'फाइल' हा शब्द आला. रिबन आपल्या सोयीने लावून घेता येऊ लागलं. २०१३ मध्ये टॅबची नावं सगळी मोठ्या लिपीत आली, लोकांना ती अंगावर ओरडल्यासारखी वाटली. २०१६ मध्ये ती पुन्हा साधी झाली. दरम्यान रिबन रुळलं. लिबरऑफिसनेही पुढे तशा टॅबांचा पर्याय दिला, पण मेन्यू ठेवून.

आता तर आवृत्तीच उरली नाही म्हणा. वर्गणी भरून घेतलेलं ऑफिस महिन्या-महिन्याला गुपचूप बदलतं. २०२३ मध्ये कॅलिब्रीची जागा अ‍ॅप्टॉसने घेतली, बऱ्याच जणांना पत्र वेगळं का दिसतंय एवढंच जाणवलं. जानेवारी २०२५ पासून घरगुती वर्गणीत कोपायलट हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस समाविष्ट झाला आणि वर्गणी वाढली. ऑस्ट्रेलियात मात्र तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. कोपायलट नसलेली, जुन्या दराची 'क्लासिक' योजना उपलब्ध होती, पण ग्राहकांना ती आहे हे नीट सांगितलं नाही, असा आयोगाचा आरोप आहे. २००७ मध्ये जुन्याची निवडच नव्हती. आता ती असते, पण दिसत नाही, अशी ही तक्रार.

ज्यांची बोटं अजून जुन्या वाटेने जातात त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते आणि थांबते. रिबनवरच्या कोणत्याही बटणावर उजवी कळ दाबा, ते कायमचं वरच्या छोट्या पट्टीत नेऊन ठेवता येतं. रोजची सात-आठ बटणं तिथे लावून घ्या. रिबनच नको असेल तर कंट्रोल आणि एफ-१ दाबा, ते मिटतं. आणि लेखा विभागातल्या मंडळींनो, एक्सेलमध्ये नुसते आकडे चिकटवायला आल्ट, ई, एस, व्ही दाबायची तुमची सवय असेल तर ती सोडू नका. त्यातला 'ई' म्हणजे जुना 'एडिट' मेन्यू. तो पडद्यावरून २००७ सालीच गेला, पण विंडोजवरच्या एक्सेलमध्ये या चार कळा आजही चालतात.